एमएसडब्ल्यूच्या (मास्टर ऑफ सोशल वर्क) नव्या मुलामुलींसाठी: प्रॅक्टिस, रिसर्च आणि पॉलिसी, एकाच गोष्टीत

दरवर्षी ॲडमिशन झाल्या की महिन्याभरात मेसेज यायला लागतात. मॅडम, कन्सेप्ट्स सगळे पाठ आहेत, पण वस्तीत गेलं की काय करायचं तेच कळत नाही. सहा मेथड्स येतात (केसवर्क म्हणजे एकेका माणसाबरोबरचं काम, ग्रुपवर्क, कम्युनिटी ऑर्गनायझेशन, सोशल ॲक्शन, वेल्फेअर ॲडमिनिस्ट्रेशन, रिसर्च), फेलिक्स बिस्टेकने मांडलेली केसवर्कची सात तत्त्वं येतात, २०१४ साली मेलबर्नला मान्य झालेली सोशल वर्कची जागतिक व्याख्यासुद्धा येते, त्यातले सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी हे शब्द ओळीने म्हणून दाखवतात पोरं. आणि तरी पहिल्या फील्डवर्कच्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी उभं राहिलं की पाय जड होतात. यात त्या मुलांचं काही चुकत नाही असं मला मनापासून वाटतं, कारण आपण प्रॅक्टिस एका पेपरला शिकवतो, रिसर्च दुसऱ्या पेपरला आणि पॉलिसी तिसऱ्या सेमिस्टरला, तिघांचे मास्तर वेगळे, नोट्स वेगळ्या, आणि हे तिन्ही मिळून एकच काम आहे हे सांगायचं राहूनच जातं.

म्हणून मी आजकाल व्याख्येपासून सुरुवात करत नाही, पुण्याच्या कचरावेचक बायकांची गोष्ट सांगते. आपल्याच महाराष्ट्रातली आहे, तीस वर्षांहून जास्त जुनी आहे, अजून चालू आहे, आणि सोशल वर्कचा जवळजवळ सगळा पाया तिच्यात सापडतो.

सुरुवात अगदी साधी होती. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या दोघी १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांच्या साक्षरतेचं काम करत होत्या. म्हणजे कागदावर समस्या काय होती, तर निरक्षरता. मुलं शाळेत नाहीत, मग त्यांना शिकवायचं. पण मुलं कुठे असतात, तर आईबरोबर कचराकुंडीपाशी. मग या दोघी त्यांच्याबरोबर पहाटे निघायला लागल्या, कुंड्यांपाशी थांबायला लागल्या, आणि तिथे दिसलं की प्रश्न पाटी-पेन्सिलचा नाहीच, किंवा नुसता तो नाही. बाई पहाटे उठून कुंडीत हात घालते, ओलं-सुकं सगळं एकत्र, त्यात काच, त्यात सडलेलं अन्न, आणि त्यातून कागद, पुठ्ठा, पत्रा उचलून भंगारवाल्याकडे नेते, तिथे मापात मारतात, ओला माल म्हणून वजन कापतात, रस्त्यात पोलीस हटकतात, लोक चोर समजतात. एवढं सगळं करून तिला कुणी कामकरीसुद्धा म्हणत नाही.

आता इथे थांबा. माझ्या मते सोशल वर्कचं पहिलं आणि सगळ्यात अवघड काम इथे आहे: समस्या काय आहे हे ठरवणं. औषध-गोळ्यांच्या आधी निदान, तसं. १९१७ साली मेरी रिचमंड या अमेरिकन समाजकार्यकर्तीने केसवर्कची मांडणी केली तेव्हा तिनेही सगळा भर यावरच दिला होता, की आधी नीट माहिती गोळा करा, माणसाकडून, घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून, आणि मग ठरवा. पण ती माहिती घेऊन शेवटी ठरवणार कोण हा प्रश्न उरतोच. कचरावेचकांच्या बाबतीत बाहेरून बघणाऱ्या कुणालाही पहिलं सुचतं ते म्हणजे या बायकांना यातून बाहेर काढा. घाण काम आहे, दुसरं काहीतरी द्या, शिलाई मशीन द्या, पापड-लोणची, मेणबत्त्या. हेतू चांगला असतो, दया खरी असते.

पण बायका नाही म्हणाल्या. हे काम सोडायचं नाही म्हणाल्या. आणि कारणं ऐकली तर ती पटतात. या कामात मालक नाही. वेळ आपली. रोजच्या रोज रोख हातात येते. धुणीभांड्यात चार घरच्या बाया चार बोलणी सुनावतात, बांधकामावर ठेकेदार पैसे बुडवतो आणि कधीकधी अंगचटीला येतो. यातल्या पुष्कळ बायका दलित, त्यातही मातंग आणि बौद्ध समाजातल्या, कित्येकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आलेली. गावात जात कुठले धंदे करू देत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं, त्यामुळे दुसरा धंदा काढा असं सांगणाऱ्यापेक्षा त्यांना परिस्थितीचं भान जास्त होतं. त्यांचं मागणं सरळ होतं. कचरा आमच्या हातात स्वच्छ येऊ द्या. घराघरातच ओला-सुका वेगळा करून द्या, मग कुंडीत हात घालायची वेळच येणार नाही.

पुस्तकात ज्याला सेल्फ-डिटर्मिनेशन म्हणतात, स्वतःचं स्वतः ठरवायचा हक्क, तो हाच. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहितो आपण, पण फील्डवर त्याचा अर्थ असा होतो की तुमच्या डोक्यात जे सोल्युशन तयार होतं ते बाजूला ठेवायला लागतं, फंडिंग एजन्सीला पाठवलेला प्रस्ताव बदलायला लागतो, आणि समोरच्या अक्षरओळख नसलेल्या बाईला तिच्या धंद्यातली एक्स्पर्ट मानायला लागतं. नुसतं मान देऊन बोलणं म्हणजे ते नव्हे.

एक मुलगी मला वर्गात म्हणाली, की मग मुलांचं काय, आई म्हणाली पोरगं माझ्याबरोबर कचरा वेचणार तर तेही तिचं ठरवणं म्हणून सोडून द्यायचं का? फार चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. नाही, सोडून द्यायचं नाही. मोठ्या बाईने स्वतःच्या कामाबद्दल ठरवणं वेगळं आणि पोराच्या बालपणाबद्दल ठरवणं वेगळं. पुण्यात पुढे या बायकांची जी संघटना झाली तिने मुलांच्या कामाविरुद्ध पहिल्यापासून भूमिका घेतली, शाळाप्रवेशाच्या मोहिमा केल्या, अस्वच्छ व्यवसायात असणाऱ्यांच्या मुलांना जी सरकारी शिष्यवृत्ती मिळते ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून भांडण केलं. पण क्रम बघा. आईची कमाई वाढली, तिच्या कामाला जरा प्रतिष्ठा आली, की पोराला बरोबर न्यायची गरज कमी होते. आईला दोष देऊन मूल शाळेत येत नाही.

संघटना उभी राहिली १९९३ साली. त्याच्या थोडं आधी एक प्रसंग घडला होता. ज्या भागात काही बायकांना घराघरातून वेगळा केलेला सुका कचरा मिळायला लागला होता, तिथे एकाने गाडी लावून दारोदार कचरा घ्यायचा धंदा सुरू केला. म्हणजे बायकांचा माल गेला. त्या एकत्र जाऊन उभ्या राहिल्या आणि ते थांबवलं. त्यातून कळलं की एकेकटीने काही होणार नाही. हमाल पंचायत बांधणारे बाबा आढाव सोबत होते, हमालांच्या संघटनेचा अनुभव होता, आणि मे १९९३ मध्ये कचरावेचकांचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं, शेकड्यांनी बायका आल्या, आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली. ट्रस्ट नाही, मंडळ नाही, कामगारांची युनियन. कारण समस्या आता गरिबी अशी न मांडता, काम आहे पण कामगार म्हणून मान्यता नाही अशी मांडलेली होती, आणि समस्या अशी मांडली की उपाय युनियनच असतो, भजनी मंडळ किंवा भिशी असू शकत नाही.

युनियनने पहिल्यांदा काय मागितलं असेल? ओळखपत्र. माझ्या विद्यार्थ्यांना हे ऐकून जरा निराशा होते, त्यांना वाटतं पगार मागतील, घरं मागतील. पण पहाटे चार-साडेचारला खांद्यावर गोणी टाकून बाई बाहेर पडते, अंधार असतो, कुठेतरी चोरी झालेली असते, आणि गस्तीवरचा शिपाई विचारतो, गोणीत काय आहे, तांब्याची तार कुठून आणली, चल चौकीवर. त्या वेळी गळ्यातल्या पिशवीतून काढून दाखवायला एक कार्ड असणं, त्यावर फोटो, नाव, आणि पुणे महानगरपालिकेची मान्यता, हे काय असतं ते मी बायकांच्या तोंडून ऐकलंय. एक मावशी मला कार्ड दाखवताना पदराने आधी पुसून मग हातात देत होत्या, प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडलं होतं, कोपरे झिजले होते, फोटोतल्या त्या आणि समोरच्या त्या यात बरीच वर्षं गेली होती. म्हणाल्या, याच्या आधी मला कुणी नावाने हाक मारली नव्हती, ए कचरेवाली, एवढंच. पुणे महापालिकेने १९९५-९६ च्या सुमारास या कार्डांना मान्यता दिली, आणि देशातल्या कुठल्याही महापालिकेने असं करायची ती पहिलीच वेळ मानली जाते. एका कार्डात केसवर्क आहे, मानसिक आधार आहे, हक्क आहे, आणि पॉलिसीचं पहिलं पाऊलही आहे, कारण शहराच्या सरकारने लेखी मान्य केलं की ही माणसं इथे हे काम करतात.

आता रिसर्च. आमच्याकडे रिसर्च म्हटलं की मुलं प्रश्नावली घेऊन वस्तीत जातात, नाव, वय, शिक्षण, मासिक उत्पन्न, घरी टॉयलेट आहे का, आणि शंभर फॉर्म भरून झाले की परत वस्तीचं तोंड बघत नाहीत. वस्तीतले लोक याला वैतागलेत, आणि बरोबर वैतागलेत. मला विचाराल तर संशोधनाची नीती संमतीपत्रावरच्या अंगठ्यापेक्षा फार मोठी आहे, हे आकडे कुणाच्या कामाला येणार हा खरा प्रश्न आहे.

पुण्यात काय झालं ते बघा. २००१ मध्ये एसएनडीटीच्या याच लोकांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पाठबळाने पुणे-पिंपरी चिंचवडमधल्या भंगार गोळा करणाऱ्यांचा अभ्यास केला. कोण आहेत, कुठून आलेत, किती कमावतात, हे तर त्यात होतंच. पण जोडीला एक वेगळा प्रश्न होता: या बायका शहराचं किती काम फुकट करतात? बाईने उचललेला प्रत्येक किलो पुठ्ठा हा महापालिकेच्या ट्रकमध्ये न गेलेला किलो आहे. त्याचं डिझेल वाचलं, ड्रायव्हरचा वेळ वाचला, कचरा डेपोवरची जागा वाचली. त्याची रुपयात किंमत काढली. आणि ती किंमत घेऊन महापालिकेत गेल्यावर बोलण्याची भाषाच बदलली. आधी होतं, साहेब गरीब बायका आहेत, काहीतरी करा. आता झालं, साहेब तुमचे इतके पैसे या बायका वाचवतात, त्यातला थोडा हिस्सा त्यांच्या आजारपणासाठी द्या. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. प्रश्न नीट विचारला म्हणून उत्तर धोरणापर्यंत पोचलं, आणि प्रश्न नीट विचारता आला कारण विचारणारे लोक आधी दहा वर्षं त्या बायकांबरोबर होते.

हे काही फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. सोशल वर्कचा इतिहास शिकताना जेन ॲडम्स आणि तिने शिकागोच्या गरीब वस्तीत राहून काम करायला काढलेलं हल हाउस येतं, १८८९. मुलांना वाटतं कुठली तरी परदेशी समाजसेविका. पण तिच्या वस्तीतलाही प्रश्न कचऱ्याचाच होता. स्थलांतरितांची दाट वस्ती, रस्त्यावर लाकडी पेट्यांतून ओसंडणारा कचरा, मुलं आजारी पडून मरतायत. हल हाउसच्या बायकांनी गल्लीबोळ फिरून तपासणी केली, हजारावर तक्रारी नोंदवल्या, आणि शेवटी १८९५ साली जेन ॲडम्स स्वतः त्या वॉर्डची कचरा इन्स्पेक्टर झाली, पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे जायची. त्याच वर्षी हल हाउसच्या लोकांनी आजूबाजूच्या घराघरातली मजुरी आणि लोक कुठल्या देशातून आलेत याचे नकाशे छापले. राहणं, मोजणं आणि व्यवस्था बदलायला लावणं तिथेही एकाच घरातून चाललं होतं. आपल्याकडे मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्टने वस्तीत राहून काम सुरू केलं आणि त्याच अनुभवातून १९३६ साली सोशल वर्कची पहिली शाळा निघाली, जिला आज आपण टाटा इन्स्टिट्यूट म्हणतो. म्हणजे आपला कोर्सच मुळात वस्तीतून वर्गात आलाय. आज आपण त्याला उलटं चालवतो, आधी दोन वर्षं वर्ग आणि मधे आठवड्यातून दोन दिवस वस्ती.

पॉलिसीबद्दल एक गैरसमज मला फार छळतो. मुलांना वाटतं पॉलिसी म्हणजे दिल्लीत किंवा मंत्रालयात होते आणि आपण फक्त तिची अंमलबजावणी बघायची. अहो, पॉलिसी महापालिकेच्या मुख्य सभेच्या ठरावात असते, बजेटमधल्या एका ओळीत असते, टेंडरच्या अटींमध्ये असते. टेंडरमध्ये लिहिलं की बोलीदाराकडे इतक्या कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या) गाड्या हव्यात, की कचरावेचक बाई त्याच क्षणी बाद झाली, तिला कुणी नाही म्हणायची गरजच पडली नाही. म्हणून पुण्याची २००८ ची गोष्ट मला एवढी महत्त्वाची वाटते. २००० च्या केंद्राच्या नियमांनी दारोदार कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक केलं होतं, आणि सगळीकडे हे काम मोठ्या कंत्राटदारांना जायला लागलं होतं. पुण्यात कष्टकरी पंचायतीने म्हटलं, हे काम आमचंच आहे. आधी प्रयोग करून दाखवला, मग कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था काढली, स्वच्छ, आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. बाई घरोघर जाणार, वेगळा केलेला कचरा घेणार, घरटी महिन्याची फी घेणार, आणि सुक्या मालाचं भंगार विकून येणारे पैसेही तिचेच. म्हणजे १९९० च्या सुमाराला कुंडीपाशी बसून बायकांनी जे मागितलं होतं ते अठरा-एक वर्षांनी शहराच्या व्यवस्थेचा भाग झालं. आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये देशभरासाठी कचरावेचकांची व्याख्या आली, त्यांना ओळखून व्यवस्थेत सामावून घ्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. त्यामागे पुण्यासारखीच इतर शहरांतल्या संघटनांचीही मेहनत आहे, पण पुण्याचं उदाहरण हातात नसतं तर हे होऊ शकतं हे दाखवायचं कशावरून?

सगळं छान झालं असं मात्र मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. करार संपला की पुढचा होईपर्यंत बायकांचा जीव टांगणीला, परत मोर्चे, परत निवेदनं. काही सोसायट्या फी द्यायला कुरकुरतात, महिन्याच्या पिझ्झावर जेवढे जातात त्याहून कमी रकमेसाठी बाईला तीन-तीनदा जिना चढायला लावतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर तसेच उघडे कचऱ्यात टाकतात. ते वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा एवढीच विनंती बायकांनी मोहीम काढून केली, म्हणजे निदान हात लावायच्या आधी कळेल, आणि तेवढंही करायला कित्येक शिकलेल्या घरांना जमत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसले तेव्हा याच बायका रोज दारात येत होत्या. मला याचा राग येतो आणि तो मी वर्गात लपवत नाही. कंट्रोल्ड इमोशनल इन्व्हॉल्व्हमेंट, म्हणजे भावना ताब्यात ठेवून गुंतणं, हे बिस्टेकचं तत्त्व मला मान्य आहे, पण त्याचा अर्थ काहीच वाटून घ्यायचं नाही असा मी कधी घेतला नाही. वाटलेलं कामाला लावायचं, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

बरेच जण विचारतात की सोशल वर्करने बाजू घ्यावी का, की तटस्थ राहावं. बाईने स्वतःच्या आयुष्याबद्दल जो निर्णय घेतला त्याबद्दल मी नॉन-जजमेंटल राहीन, ती दारू पिते का, नवऱ्याला सोडलं का, देवाला बकरं का कापलं, यावर माझं मत मी तिच्यावर लादणार नाही. पण भंगारवाला मापात मारतोय आणि बाई रडतेय तिथे तटस्थ राहणं म्हणजे भंगारवाल्याची बाजू घेणं. या दोन गोष्टी मुलं एकत्र करतात आणि मग कशावरच बोलेनाशी होतात.

तर फील्डवर्कला जाताना मी आमच्या मुलांना काय करायला सांगते ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर घ्या. रेकॉर्ड लिहिताना पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे तुम्हाला काय समस्या दिसली, उजवीकडे लोक कशाला समस्या म्हणाले, त्यांच्याच शब्दात, शुद्ध करून नाही. मी रेकॉर्ड तपासताना आधी या दोन बाजू किती वेगळ्या आहेत ते बघते. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे सेम लिहिलेलं असेल तर मी परत पाठवते, कारण ऐकलेलं नाही हे कळतं. मग त्यातली एक गोष्ट उजव्या बाजूची घ्यायची आणि मोजायची, लोकांबरोबर बसून, काय मोजायचं ते त्यांना विचारून. आणि मग शोधायचं की हे बदलायचा अधिकार नेमका कुणाच्या टेबलावर आहे, नाव नको, हुद्दा हवा.

यंदाचा एक ग्रुप एका वस्तीत आहे. डाव्या बाजूला त्यांनी लिहिलं होतं, महिलांमध्ये स्वच्छतेबाबत जाणीवजागृतीचा अभाव. उजव्या बाजूला एका आजींचं वाक्य होतं, संडासात रातच्याला दिवा नसतो आन् धा वाजता कुलूप लावत्यात, मग आमी कुटं जावं. जाणीवजागृतीचं पथनाट्य बसवायचा प्लॅन रद्द झाला. मुलींनी वस्तीतल्या बायकांबरोबर बसून तक्ता केला, कुठल्या सीटचं दार मोडलंय, कुठे पाणी नाही, किती दिवे बंद, कुलूप किती वाजता लागतं, आणि रोज रात्री बायकांनीच त्यावर खुणा केल्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी टिकल्या चिकटवल्या. महिन्याभराचा तक्ता जोडून बायकांच्या सह्या-अंगठ्यांनिशी अर्ज दिलाय. आवक नंबर मिळालाय. साहेब म्हणाले दिव्याचं काम विद्युत विभागाकडे आणि कुलपाचं केअरटेकरच्या ठेकेदाराकडे, त्यामुळे आता ठेक्याच्या कागदात वेळ काय लिहिलीये ते बघायला माहिती अधिकाराचा अर्ज तयार चाललाय, आणि सोमवारी आजी स्वतः बरोबर येणार म्हणतायत.